चोवीस चौकटींचा एक सेकंद



नागपूरच्या नंदनवनातल्या या स्नेहसंमेलनात मघाशी तुमचं चित्रप्रदर्शन पाहत असताना एका विद्यार्थिनीनं विचारलं, ''चित्र काढणाऱ्याला सिनेमा दिग्दर्शित करता येतो का?'' आजचं भाषण म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर.

'ऑक्टोबर' हा २०१८ चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातली नायिकेची, शिउलीची, आई आठवते? ती भूमिका करणाऱ्या गीतांजली राव मुळात अॅनिमेटर आहेत. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेतून त्या १९९४ मध्ये बाहेर पडल्या. राम मोहन यांच्यासारख्या अॅनिमेशनमधल्या दिग्गजाच्या स्टुडिओत त्यांनी काम केलं. पण अॅनिमेशनची कला त्या मुख्यतः स्वतःच्या बळावर, करता करता शिकल्या.

या कामाचा हिशेब समजून घ्या. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं, तरी मिनिटाला ७२० चित्रं लागतात. कॅमेऱ्यासमोर नट उभा असेल, तर वाऱ्यानं उडणारी त्याची बट आपोआप टिपली जाते. इथे ती बटही काढावी लागते. म्हातारी बाई खुर्चीतून उठताना आधी हात टेकते की आधी पुढे वाकते, हे माहीत नसेल तर पेन्सिल पुढे सरकतच नाही. म्हणून अॅनिमेटर माणसं बारकाईनं बघायला शिकतो, आणि दिग्दर्शनाची सुरुवात तिथेच होते.

गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा सुमारे १५ मिनिटांचा लघुपट. करड्या शहरातली एकटी वृद्धा, तिचं मांजर आणि तिनं जमवलेल्या काडेपेट्या. काडेपेटीवरचं चित्र निरखता निरखता ती त्या रंगीत जगातच शिरते. हातानं रंगवलेल्या या छोट्या चित्रपटाला २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तीन पुरस्कार मिळाले.

एवढ्या यशानंतर मोठा चित्रपट लगेच झाला असेल, असं वाटतं ना? 'बॉम्बे रोझ' आला तो २०१९ मध्ये, तेरा वर्षांनी. मधल्या काळात त्या थांबल्या नाहीत. 'ट्रू लव्ह स्टोरी'सारखे लघुपट करत राहिल्या. 'बॉम्बे रोझ'मध्ये गजरे विकणारी कमला आहे, काश्मीरहून आलेला सलीम आहे, आठवणींत रमणाऱ्या शर्ली डिसूझा बाई आहेत. मुंबईच्या पेपरबोट स्टुडिओत सुमारे ६० चित्रकारांनी दीड वर्ष खपून तो चौकट चौकट रंगवला. व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन याच चित्रपटानं झालं. एकटीनं चित्रं काढणारी कलावंत साठ जणांच्या हातांतून आपली गोष्ट सांगू शकली, कारण प्रत्येक हाताला काय करावं लागतं, हे तिला ठाऊक होतं.

ही वाट आपल्या मातीत जुनी आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. काड्या किंचित हलवायच्या, चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या. आज तोच प्रयोग तुम्हाला मोबाइल स्टँडवर लावून करता येतो.

पालकांनो, मुलगी वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत असेल, तर रागावण्याआधी ते पान एकदा नीट बघा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घ्यायचं, तर शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, मोठ्या संधीची वाट पाहू नका. एका मिनिटाची गोष्ट निवडा आणि ती पूर्ण करा. अर्धवट राहिलेल्या मोठ्या कल्पनेपेक्षा पुरं झालेलं एक मिनिट तुम्हाला जास्त शिकवेल. प्राचार्य महोदय, माझी एक विनंती आहे: पुढच्या स्नेहसंमेलनात या मुलांच्या एक-एक मिनिटाच्या चित्रपटांसाठी अर्धा तास राखून ठेवा. बोलावलंत, तर मी प्रेक्षक म्हणून नक्की येईन.