रानडुकरांचा बंदोबस्त : परवानगी, शिस्त आणि माणुसकी
(लालबाग-परळ भागातील कोकणवासी शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बरेचजण राहतात लालबाग, परळ, दादर, गिरगावात, पण सातबारावर नाव आहे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावी. गणपतीला आणि शिमग्याला गावी गेलात की पहिली तक्रार कानावर येते ती रानडुकरांची. पोटरीत आलेले भात एका रात्रीत लोळवले, रताळी-सुरण उकरून टाकले, नाचणीचा चोथा केला. मग चार तरुण जमतात, कोणाची तरी बंदूक निघते आणि रात्री रान उठवायचे ठरते. त्या रात्रीपूर्वी काय माहीत असावे, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्यातील कलम 9 प्रमाणे वन्यप्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. शिकार म्हणजे केवळ बार टाकणे नव्हे. फासा लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकारा घालणे, इतकेच काय, यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे त्यात येते. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची 2 मध्ये आहे. गुन्हा शाबीत झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मात्र शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. कलम 11 प्रमाणे प्राणी उभ्या पिकाला धोकादायक ठरला, तर अधिकार दिलेला वनाधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा. तोंडी 'हो' म्हणजे परवानगी नव्हे. शेती संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजेही शिकारीची परवानगी नव्हे. ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात हवी. मुंबईत राहणाऱ्या भावाच्या बंदुकीवर गावातल्या पुतण्याने रानात जाणे योग्य नाही.

आधी ओळख, मग चाप

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे बालपण आपल्या गिरगावातल्या खेतवाडीत गेले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. 1883 साली स्थापन झालेल्या या सोसायटीच्या जुन्या सभासदांत शिकारी पुष्कळ होते. त्या काळी पक्षी आधी मारत आणि मग ओळखत. आज क्रम उलटा हवा. संपूर्ण प्राणी स्पष्ट दिसल्याशिवाय चापाला बोट लावू नये.

यात चूक झाली तर काय होते? 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात काहीजण रानडुकराच्या शिकारीला गेले. डुक्कर समजून झाडलेली गोळी आपल्याच सोबत्याला लागली व तो दगावला. सोबत्यांनी प्रकार दडवून ठेवला आणि पोलिसांच्या तपासात तो उघड झाला. एका डुकरापायी एक घर उघडे पडले.

रानात पाळावयाची शिस्त

परवानगी मिळाल्यावरही पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. निघण्यापूर्वी वनरक्षक व पोलीस पाटील यांना वेळ व जागा कळवावी. काजू-आंब्याच्या बागेत राखणीला झोपलेल्यांना आणि रानात गुरे नेणाऱ्यांनाही सांगावे.
2. मोहिमेचा एकच म्होरक्या असावा, रानाची माहिती असलेला. त्याने 'थांबा' म्हटले की सर्वांनी थांबावे.
3. दारू घेतलेल्यास बरोबर नेऊ नये, मग तो मानकरी असला तरी.
4. वाटेत आणि गाडीत बंदूक रिकामी ठेवावी. ठासणीची बंदूक ठासूनच घरातून निघणे धोक्याचे आहे.
5. प्रत्येकाची जागा ठरवावी. काम संपल्याची खूण होईपर्यंत जागा सोडू नये. हाकाऱ्यांच्या दिशेने कधीही बार टाकू नये.
6. प्राण्यामागे काय आहे ते पाहावे. जांभ्या दगडावर आपटलेली गोळी कुठेही उडते.
7. परवानगीत लिहिलेली हद्द, मुदत व संख्या ओलांडू नये. पिलांबरोबरच्या मादीवर नेम धरू नये.
8. जखमी जनावर तसेच सोडू नये, पण लगेच झुडपातही घुसू नये. जखमी डुक्कर उलटून मांडीचा लचका तोडते. थोडे थांबून, म्होरक्याच्या सल्ल्याने रक्ताचा माग काढावा आणि त्याच्या वेदना लवकर संपवाव्यात.

वाट्याचा प्रश्न

हा प्रश्न नाजूक आहे. बार टाकणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, कुत्र्यांचाही वाटा, ही गावची जुनी रीत. परंतु परवानगीने मारलेला प्राणीही कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतो. त्याचे मांस वाटणे, विकणे किंवा डब्यात घालून मुंबईला आणणे हा गुन्हा आहे. वनखात्याला कळवून पंचनामा करावा व त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावावी. मांस मिळणार नाही असे ठरले, की कोण पिकासाठी येतो आणि कोण मटणासाठी, हेही आपोआप कळते. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून फोटो काढणे टाळावे. ते पोटासाठीच शेतात आले होते.

बंदूक हा शेवटचा उपाय

कुंपणात घरची वीज सोडणे किंवा स्फोटक गोळे पेरणे, हे कधीही करू नये. त्यात आपली गुरे, कुत्री आणि शेजाऱ्याची मुले सापडतात. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो. त्याने जनावर पळते, मरत नाही. मान्यताप्राप्त यंत्रणाच बसवावी. गडगे दुरुस्त करावेत, बांधालगतचे रान साफ ठेवावे आणि वाडीने मिळून पाळीपाळीने राखण करावी. एकट्याने राखण केली तर डुकरे शेजारच्या मळ्यात जातात, एवढेच. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे.

बंधूंनो, गेलेले पीक पुढच्या पावसात पुन्हा उभे करता येते, गेलेला माणूस परत येत नाही. यंदा गावी जाल तेव्हा बंदूक काढण्याआधी वाडीची बैठक घ्या आणि अर्ज लिहायला बसा, एवढीच विनंती करून मी थांबतो.