मुलाखतीच्या खोलीत फळा हवा



मराठीच्या प्राध्यापकांच्या अधिवेशनात अध्यक्षाने वाङ्मयीन प्रवाहांवर बोलावे, असा रिवाज आहे. आज तो मी बाजूला ठेवतो. या सभागृहाच्या मागच्या रांगांत बसलेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. सेट-नेट झालेले, पीएच.डी. झालेले. एका महाविद्यालयातला सकाळचा तास आटोपून दुसऱ्या गावची एसटी पकडायची, मानधन कधी हाती पडेल याचा भरवसा नाही, आणि जाहिरात निघाली की प्रमाणपत्रांची फाइल काखेत मारून मुलाखतीला हजर व्हायचे. मला त्यांच्याशी बोलायचे आहे आणि मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या आपणा ज्येष्ठांशीही.

आधी जे बोलायला अवघड आहे ते बोलतो. काही ठिकाणी जागा कोणाला द्यायची ते मुलाखतीआधीच ठरलेले असते, आणि तिचा आकडाही ठरलेला असतो. हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा मुलाखतीच्या कागदांवर विषयतज्ज्ञ म्हणून आपल्यापैकीच कोणीतरी सही करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे निवड समितीत किमान दोन विषयतज्ज्ञ हजर नसतील तर गणपूर्तीच होत नाही. म्हणजे आपल्याशिवाय समितीचे काम पुढे सरकत नाही. मग असहमती कार्यवृत्तात नोंदवायला आपण का कचरतो? प्रवासभत्ता घेऊन, जेवून, मुकाट्याने परतणे हा त्या उमेदवारांवर अन्याय आहे. त्यातले बरेच जण आपलेच विद्यार्थी असतात.

त्याच नियमावलीने सहायक प्राध्यापकाच्या गुणांकांचा उपयोग मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढ्यापुरता ठेवला आणि निवड मुलाखतीवर सोपवली. उमेदवाराला प्रत्यक्ष वर्गासारखा पाठ घ्यायला लावून त्याचे शिकवणे पाहावे, अशी मुभाही दिली. या मुभेचा उपयोग आपण फार क्वचित करतो. नाव, गाव, प्रबंधाचा विषय, मार्गदर्शक कोण, देशीवाद म्हणजे काय, आणि ‘या आता’. ज्याला पुढची तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहायचे आहे, त्याला आपण फळ्यासमोर पाहतच नाही.

कोकणातल्या एका महाविद्यालयातली मुलाखत सांगतो. मी प्रश्न विचारला होता : प्रथम वर्षाला बहिणाबाई चौधरी शिकवायच्या आहेत, सुरुवात कशी कराल? एका उमेदवाराने जन्म 1880, मृत्यू 1951, ‘बहिणाईची गाणी’ 1952, आचार्य अत्रे यांची प्रस्तावना, निसर्गचित्रण, जीवनविषयक तत्त्वज्ञान असे सगळे धडाधड सांगितले. एकही चूक नाही. त्याच्यानंतर आलेली मुलगी थोडी थांबली. म्हणाली, “सर, इथली मुलं घरी मालवणी बोलतात. खानदेशातले शब्द त्यांना अडणार. मी आधी अर्थ सांगणार नाही. कविता मोठ्यानं म्हणेन, मग त्यांच्याकडून म्हणून घेईन. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि घरच्यांनी उतरवून घेतलं. मुलांनीही ती आधी कानानं घ्यावी. मग अडलेले शब्द त्यांनाच फळ्यावर लिहायला लावेन आणि तुमच्याकडे याला काय म्हणतात ते विचारेन.” खोलीत फळा नव्हता. तिने टेबलाच्या काचेवर बोटाने दोन रकाने आखून दाखवले. डावीकडे बहिणाबाईंचा शब्द, उजवीकडे मालवणी. तिचा अख्खा तास मला त्या काचेवर दिसला.

मुलाखतीची तयारी म्हणजे काय, असे तरुण मित्र विचारतात तेव्हा मी त्यांना याच दिशेने पाहायला सांगतो. ज्या महाविद्यालयात जाणार, तिथला अभ्यासक्रम उघडा. तिथली मुले कुठल्या गावांतून येतात, घरी काय बोलतात, याची चौकशी करा. दोन-तीन कलाकृती अशा हाताशी ठेवा, की कधीही उभे केले तरी त्यांवर तास घेता येईल. प्रबंधाचा विषय प्राचार्यांना समजेल असा मांडता आला पाहिजे. ते बहुधा भूगोलाचे किंवा वाणिज्याचे असतात. न येणाऱ्या प्रश्नाला ‘माहीत नाही, वाचून घेईन’ हे उत्तर चालते. आणि तासिकेची वा शाळेतली वर्षे वाया गेली असे मानू नका. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात आले ते शाळेत शिकवून.

आता नेमणूक झाल्यावरचे. वेतनस्तर 10, मूळ वेतन 57,700, आठवड्याला 16 तासांचे अध्यापन. घरी पेढे वाटले जातात. मग पहिल्याच आठवड्यात लक्षात येते की 48 मिनिटांसाठी रात्र जागून काढलेली टिपणे विसाव्या मिनिटाला संपली, आणि समोर साठ मुले बघत बसली आहेत. यात घाबरण्यासारखे काही नाही. मुलांना वाचायला लावा, विचारा, त्यांचे ऐका. तास तिथून सुरू होतो.

खरी दमछाक होते वर्गाबाहेर. प्रवेश समिती, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकच्या फायली, भित्तिपत्रक, परीक्षेचे काम. ‘नवा आहे, करेल’ या तीन शब्दांनी विभागातली प्रत्येक नकोशी जबाबदारी त्याच्या अंगावर पडते. वाचायला वेळ उरत नाही. वाचन तुटले की टिपणे गोठतात, आणि वीस वर्षांनी तीच टिपणे पिवळी होऊन वर्गात येतात. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी पुढच्या स्तराची पदोन्नती दिसू लागते, मग पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांकडे पाय वळतात. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली. आता कुठे छापावे, याची पारख विभागातल्या ज्येष्ठांनीच द्यायची आहे.

विभागप्रमुखांकडे माझे मागणे साधे आहे. नव्या सहकाऱ्याला पहिल्या वर्षी एकच समिती द्या. त्याला आठवड्यातून एकदा तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या आणि तुम्ही त्याच्या तासाला बसा. तास संपल्यावर चहा घेताना जे वाटले ते सांगा. गोपनीय अहवालात लिहू नका.

आजच्या दुपारच्या सत्रात निबंधवाचन नाही. तासिका तत्त्वावरचे पाच तरुण सहकारी आपल्यासमोर प्रत्येकी वीस मिनिटे शिकवतील. कोणती कविता, ते चिठ्ठी उचलून ठरेल. निवड समित्यांवर जाणाऱ्या सर्व ज्येष्ठांनी पुढच्या दोन रांगांत बसावे, वही आणावी, आणि प्रत्येक पाठानंतर त्याला किंवा तिला प्रश्न विचारावेत. संयोजकांनी फळा आणि खडू मागवून ठेवले आहेत. सत्र अडीच वाजता सुरू होईल.