नोव्ह्याचा किल्ला आणि एका पोराचा प्रश्न
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा सातवीत सुटली, पुढचं पाळी सुटल्यावर वाचलं. शाळेत शिकलो की इंग्रजांविरुद्ध पहिला उठाव १८५७ चा. पण आपल्या वाशीमवरून पुसद-उमरखेडकडं उतरा, तिथं ३८ वर्षं आधीची गोष्ट आहे.

हटकर समाजाचे नोवसाजी नाईक. डोंगरघाट राखणारे हे लोक. मुलूख निजामाचा, पण १७९८ च्या तैनाती करारापासून निजाम स्वतःच कंपनीच्या मुठीत. नाईकांनी हत्यार उचललं तेव्हा मेजर पिटमन फौज घेऊन आला. पगार हैद्राबादचा, शिपाई इथलेच, हुकूम गोऱ्याचा! ८ जानेवारी १८१९ ला नोव्ह्याच्या किल्ल्याला वेढा पडला, ३१ ला किल्ला पडला. आत पाचशेच्या आसपास माणसं, त्यात बहुतेक अरब शिपाई. चारशेवर कापले गेले. नाईकांना हैद्राबादेत नेलं, ते तिथंच वारले. जिंकणाऱ्या पलटणींना नोव्ह्याच्या नावाचा लढाईचा मान मिळाला. आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र ते नाव कधी आलं नाही.

ही गोष्ट आम्ही विहारात सांगितली तेव्हा एका पोरानं विचारलं, "काका, १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात आपले पूर्वज कंपनीकडून लढले. दुसऱ्याच वर्षी नोव्हा. मग आपण कोणाकडचे?"

आम्ही त्या रात्री झोपलो नाही. पोरगं बरोबर विचारत होतं. पेशवाईत ज्याची सावलीही चालत नव्हती, त्याच्या हाती कंपनीनं बंदूक दिली. तो लढला, यात शरमेचं काही नाही. पण कंपनीनं ती बंदूक आपल्या मायेपोटी दिली नव्हती. राज्य पक्कं झालं, गरज सरली, तेव्हा १८९० नंतर त्याच सरकारनं महारांची भरती बंद केली. आणि नाईकांनाही देव करू नका. अशा धामधुमीत गावं लुटली जात, अन् लुटीत पहिला मार गरिबालाच.

त्या पोराला आम्ही एवढंच म्हटलं, कोरेगावचा शिपाई आपला, अन् नोव्ह्यात मेलेला माणूसही परका नाही. त्याला ते पुरतं पटलं नाही. पटेपर्यंत भांडू.

येत्या ३१ जानेवारीला पोरांना घेऊन तिकडं जायचं ठरवलंय. भाकरी ज्याची त्यानं आणावी. गाडीभाड्याचं बघू. नावं आजच विहाराच्या वहीत लिहा. जयभीम!