बकासुर, बक्षीस आणि आपला हत्ती



बकासुराची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस खाणारा राक्षस भीमाने लोळवला, पण त्याची मजुरी घेतली नाही. पुढे मात्र हा पोटापाण्याचा धंदा झाला. मावळात लांडगे माजले तेव्हा दादोजी कोंडदेवांनी लांडगा मारणाऱ्यास इनाम लावले, अशी हकीकत सांगतात. इंग्रज सरकारनेही वाघ-बिबट्यांवर रोख बक्षिसे ठेवली. त्यात एक खोट होती. पैसे कातड्याचे मिळत, अपराधाचे नव्हेत. माणूस खाणारा वाघ आणि रानात गुमान राहणारा वाघ, दोघांचे मोल सारखेच!

1972 च्या वन्यजीव कायद्याने ही रीत मोडली. आता वाघ मारायचा तर तो माणसाच्या जिवावर उठला आहे आणि पकडता येत नाही, असे ठरून लेखी हुकूम व्हावा लागतो. तरीही पेच सुटला नाही. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे अवनी वाघिणीवर 13 बळींचा आळ होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बाहेरून आणलेल्या शिकाऱ्याच्या गोळीने ती पडली. तिला दोन बछडे होते. तिकडच्या खेड्यांत आनंद झाला आणि शहरांत निषेध झाला. आम्ही कुणालाच हसत नाही. ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याला व्याख्यान काय सांगावे?

आता आपल्या दाराशी येऊ. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले आणि पुढे चंदगड-आजऱ्याकडेही वळले. 2015 साली माणगाव खोऱ्यात कर्नाटकातले शिकवलेले हत्ती आणि माहूत आणून तीन हत्ती पकडले. बंदूक न चालवता केलेली ही शिकारच म्हणायची. आणि आपण काय केले? ऊस तुडवणाऱ्या, केळी मोडणाऱ्या हत्तीला ‘चाळोबा गणेश’ म्हटले! ज्याला देवाचे नाव दिले, त्याला राक्षस कसे ठरवणार?

पण भक्तीने शेतकऱ्याचे कर्ज फिटत नाही. नुकसानीचा पंचनामा वेळेवर झाला, भरपाई पुढच्या पेरणीआधी हाती पडली आणि हत्ती कोणत्या शिवारात आहे हे संध्याकाळीच कळले, तर कुणी शिकाऱ्याची वाट पाहणार नाही. भीमाला बोलावण्याची पाळी येण्याआधीच एवढे आपण पदरात पाडून घेऊ या.