सकाळी इंजिन का कुरकुरते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण येथे लोणची-पापड, मुलांचे आजार, बचत अशा विषयांवर ऐकतो. यंदा मी इंजिनाच्या तेलावर बोलणार म्हटल्यावर काही जणींनी तोंडाला पदर लावला. हसा, पण ऐका. आज शेळगावात पुष्कळ घरांच्या दारांत ट्रॅक्टर, पिकअप, निदान स्कूटर तरी उभी असते. तिच्या कर्जाचा हप्ता आपल्याच संसारातून जातो. मग तिच्या पोटातले तेल हा आपला विषय नाही कसा?

माझ्या घरची गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वीचा पौष महिना. पहाटे मी परसात बंबाला जाळ घालीत असे, आणि त्याच वेळी अंगणात भाऊजी ट्रॅक्टर सुरू करीत. सुरू होताच दोन-तीन सेकंद टकटक असा आवाज येई आणि थांबे. भाऊजींना तो खटकू लागला. कोणीतरी सल्ला दिला, "दाट तेल घाला, आवाज दबेल." त्यांनी पन्नास नंबरचे तेल आणून भरले. दुपारी इंजिन खरोखरच मऊ चालू लागले आणि सगळे खूश झाले. पहाटेची टकटक मात्र वाढली. दहा सेकंद, कधी पंधरा. मी म्हटले, "भाऊजी, आवाज पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहतोय." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बंबाकडे बघा." ऊसतोड चालू होती, थांबायला सवड नव्हती. थंड इंजिन रेस करायचे आणि लगेच भरलेली ट्रॉली ओढायची, असा क्रम चालला. महिन्याभरात इंजिनाच्या तळातून जड ठोका ऐकू येऊ लागला. उघडून पाहिले तर क्रँकची बेअरिंगे खरवडून गेली होती. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे इंजिनात गेले.

मिस्त्री समंजस होते. म्हणाले, "सगळा दोष तेलाचा नाही. पण रोज पहाटे हे इंजिन कोरडे चालत होते, आणि त्या आवाजात ते तेच सांगत होते." त्या दिवसापासून मी हा विषय समजून घेऊ लागले.

रात्री इंजिन बंद केले, की वरचे तेल हळूहळू ओघळून तळाच्या चेंबरमध्ये जमते. सकाळी वरच्या भागांवर नुसता पुसट लेप उरतो. तेल वर चढवणारा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. म्हणजे आधी इंजिन फिरणार आणि मग तेल पोहोचणार. मधल्या क्षणांत लोखंडावर लोखंड वाजते, तीच टकटक. काही मोटारींच्या इंजिनांत तर टॅपेट तेलाच्या दाबानेच ताणून धरलेले असतात, त्यामुळे तेथे ती जास्त कानावर येते. दोन-तीन सेकंदांत थांबणारा आवाज बहुधा निरुपद्रवी समजावा. डिझेलचे इंजिन थंड असताना डिझेल उशिरा पेटते, म्हणूनही ते कडक वाजते. तो आवाज इंजिन तापले की उतरतो, त्याचा तेलाशी संबंध नाही.

आता दाटपणा. शास्त्रात त्याला श्यानता म्हणतात. आपल्या गुऱ्हाळातली काकवी आठवा. कढईत उकळताना ती पाण्यासारखी उसळते, आणि थंडीच्या सकाळी बाटली उपडी केली तरी हलत नाही. इंजिनाच्या तेलाचीही जात तीच. नेहमी वापरतात ते पंधरा-डब्ल्यू-चाळीस तेल 40 अंशांना जेवढे दाट असते, त्याच्या साधारण सातवा हिस्सा दाटपणा 100 अंशांना उरतो. पौषातल्या पहाटे तर ते आणखी घट्ट असते. त्यातही पन्नास नंबरचे असले तर पंपाला ते ओढून वर न्यायला जास्त वेळ लागतो. आमच्याकडे हेच झाले.

मग पाण्यासारखे पातळ तेल का घालू नये? त्याचे उत्तर इंग्लंडात सापडले. 1883 च्या सुमारास बोशां टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. त्यांनी बेअरिंगला वरून एक भोक पाडले, तर त्यातून तेल वर येऊ लागले. त्यांनी बूच मारले, तेही तेलाने बाहेर ढकलले. फिरणारा दांडा तेलाला आपल्याबरोबर खेचून अरुंद फटीत कोंबतो आणि तेथे एवढा दाब निर्माण होतो, की सगळा भार तेलाचा थर उचलून धरतो. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. तो थर केसाहून कितीतरी पातळ असतो. इंजिन तापल्यावर तेल फार पातळ झाले तर तो तुटतो. म्हणजे थंडीत धावणारे आणि उन्हात टिकणारे, असे दोन्ही गुण एकाच तेलात हवेत.

ते डब्यावरच्या आकड्यांत लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत लवकर धावते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. हे आकडे अंश नव्हेत, दर्जाची नावे आहेत. अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने ही पद्धत 1911 मध्ये सुरू केली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना पुण्यात 1946 मध्ये झाली. तेव्हाच्या काळात एकाच दर्जाचे तेल मिळे, आणि ऋतू बदलला की तेलही बदलावे लागे. आता दोन आकड्यांच्या तेलात असे पदार्थ घालतात, की थंडीत ते गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे निमूट पडून राहतात आणि उष्णतेने उलगडून तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत.

तेव्हा भगिनींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा लिहिला असेल तोच घ्या. स्कूटरचा वेगळा, ट्रॅक्टरचा वेगळा. आवाज दाबण्यासाठी दाट तेल घालू नका. तापाचे कारण न शोधता थर्मामीटर लपवण्यासारखेच ते आहे. सुरू केल्यावर अर्धा मिनिट तरी रेस न करता, भार न घालता चालू द्या. तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा. आणि आठवड्यातून एकदा, सपाट जागी, बंद इंजिनात पट्टी घालून तेल पाहा. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे होते, त्याने घाबरू नका, ते काजळी पोटात धरून ठेवते. पण तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर तेल पातळ होत चालले आहे. दोन्ही वेळी मिस्त्रींना बोलवा.

आता आमच्या घरी तेल बदलल्याची तारीख आणि तास दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी लिहिते. पहाटे ट्रॅक्टर सुरू केला की भाऊजी परसाकडे वळून विचारतात, "वहिनी, आज किती वेळ वाजला?" मी बंबाजवळूनच सांगते, "दोन मोजेपर्यंत." मग अर्धा मिनिट ते स्वस्थ बसतात आणि नंतरच गिअर टाकतात.

भगिनींनो, घरातला पहाटेचा आवाज आपल्याच कानांवर सर्वांत आधी पडतो. तो ओळखायला शिका, आणि कोणी हसले तरी बोलून दाखवा. मी तेव्हा एकदाच बोलून गप्प बसले, त्याची किंमत मुलीच्या फीने भरली.