उत्तेजक पदार्थ आणि पाचवे शील
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



वर्षावासात दारूविषयी दरवर्षी बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. परंतु दारू ही शरीर व मन मंद करणारी वस्तू आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते उलट्या जातीच्या पदार्थांविषयी. हे पदार्थ मज्जासंस्थेला चाबूक मारून पळवतात. चहा, कॉफी, तंबाखू, सुपारी आणि अलीकडे आपल्या वस्त्यांतील मुलांपर्यंत पोहोचलेली एम.डी. पावडर ही सारी या एकाच घराण्यातली.

आपले पुष्कळ उपासक विचारतात, "पंचशीलात तंबाखूचे नाव कुठे आहे?" नाव नाही, हे खरे. असणार तरी कसे? तंबाखूचे रोप मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांमुळे ते आपल्या देशात आले, तेव्हा तथागतांच्या महापरिनिर्वाणाला दोन हजार वर्षे होऊन गेली होती. पण पाचव्या शीलात मद्याच्या नावांबरोबर 'पमादट्ठान' असाही शब्द आहे, तो आपण रोज म्हणतो आणि सोडून देतो. पमाद म्हणजे बेसावधपणा, आणि ठान म्हणजे तो जिथून उपजतो ती जागा. शीलाचा रोख केवळ बाटलीवर नाही, सावधपण घालवणाऱ्या कारणावर आहे.

इथे कोणी म्हणेल, चहा-तंबाखूने तर सावधपण वाढते! प्रश्न रास्त आहे. चीन-जपानमधील भिक्खू ध्यानाच्या वेळी झोप येऊ नये म्हणून चहा घेत. एइसाई नावाच्या जपानी भिक्खूंनी ११९१ साली चीनहून परतताना चहाचे बी आणले आणि पुढे चहाच्या गुणांवर ग्रंथही लिहिला. तेव्हा चहा प्याला म्हणजे शील मोडले, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सभेनंतर इथेही चहा आहे, तो निःसंकोच घ्यावा.

पण ही हुशारी येते कुठून, ते समजून घेतले पाहिजे. आपण जागे असतो तसतसे मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते मेंदूतील ठराविक जागांवर बसले की आपल्याला थकवा जाणवतो, झोप येते. चहा-कॉफीतील कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसते. थकवा गेलेला नसतो, त्याची वर्दी तेवढी बंद होते. कॅफिन उतरले की साठलेले सगळे एकदम अंगावर येते. निम्मे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रातपाळीचा कामगार पहाटे चार वाजता कडक चहा घेतो आणि सकाळी नऊला घरी येऊन अंथरुणावर पडतो, तेव्हा निम्मा चहा अजून त्याच्या रक्तात जागा असतो. मग झोप तुटक होते, संध्याकाळी अंग जड होते, आणि पुन्हा चहा.

आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागात ही गोष्ट पुस्तकी नाही. इथले गावच पाळीवर चालते. कायम कामगाराला निदान पाळी बदलून मिळते; कंत्राटी पोरगा बारा-बारा तास उभा राहतो आणि वर ओव्हरटाइम करतो. पॉवर प्रेसवर हात घालताना त्याला अर्ध्या सेकंदाची डुलकी लागली तर बोटे जातात. त्याला "चहा-तंबाखू सोड" म्हणणे सोपे आहे. त्याची झोप कोण काढून घेतो, हेही विचारले पाहिजे. गिरण्या-कारखान्यांत चहा पोहोचवण्याची मोहीम पहिल्या महायुद्धाच्या काळात चहा-उत्पादकांनीच राबवली होती. कामगार तरतरीत राहतो, हे मालकांनाही पटवून दिले गेले. त्याच्या विश्रांतीची मोहीम मात्र कोणी काढली नाही.

भगिनींसाठी एक गोष्ट. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेतल्यास भाजी-भाकरीतील लोह पुरेसे अंगी लागत नाही. ज्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते आणि भुकेवर चहा मारते, तिथे रक्त कमी असण्याचे एक कारण त्या कपातही असते. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

आता तंबाखू. येथे आम्ही हात आखडता घेणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, आणि त्यांतील बहुतेक जण ओढणारे नव्हे तर खाणारे, लावणारे होते. तंबाखूला चुना का लावतात? चुन्याने निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. त्याने अॅड्रेनलिन सुटते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. माणूस नुसता बसलेला असतो आणि हृदय मात्र जिना चढत असते. निम्मे निकोटिन दोनेक तासांत उतरते. म्हणून पाळीत दर दोन तासांनी हात पुडीकडे जातो. बार भरल्यावर जी हुशारी वाटते ती बहुतांशी नवी नसते. मागच्या बाराची तलफ शमलेली असते. न खाणाऱ्याला जे स्वास्थ्य फुकट मिळते, ते खाणारा विकत घेतो आणि वर तोंडाच्या कॅन्सरची जोखीम घेतो.

आपल्या घरोघरी मशेरी आहे. तिला कोणी व्यसन म्हणतच नाही, दात घासणे म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. गर्भवती बाई ती दिवसातून चार वेळा लावते तेव्हा निकोटिन वारेतून बाळापर्यंत जाते आणि मूल कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. सुनेच्या मोबाईलवर लक्ष ठेवणाऱ्या सासूबाईंनी आपल्या मशेरीच्या डबीकडेही एकदा पाहावे!

सुपारीही निर्दोष नाही. तिच्यातले अरेकोलिन उत्तेजक आहे, आणि सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते. मावा-गुटखा खाणाऱ्या विशीतल्या मुलांची तोंडे दोन बोटेही उघडत नाहीत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एम.डी. म्हणजे मेफेड्रोन. हे रसायन प्रथम १९२९ साली तयार झाले. आपल्या देशात ते २०१५ मध्ये अमली पदार्थ कायद्याखाली आले. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी वीस किलो एम.डी. पकडले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात त्याहून कितीतरी मोठा साठा धरला. म्हणजे हे विष परदेशातून येते, ही समजूत सोडावी. ते मेंदूतील डोपामिन एकदम उपसून काढते. काही तास मुलाला भूक नाही, झोप नाही, भीती नाही. मग विहीर कोरडी पडते: उदासी, संशय, छातीत धडधड, कानात आवाज, कधी आत्महत्येचे विचार. मुलगा दोन-दोन रात्री जागा राहतो, पैसे मागतो, भिंतीला कान लावतो, तेव्हा कृपा करून त्याला देवऋषाकडे नेऊ नका. मारूही नका. दवाखान्यात न्या.

सोडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. तंबाखू सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफेची एक लाट पाच-दहा मिनिटांची असते. आनापानसतीचा सराव इथेच उपयोगी पडतो, कारण श्वासाकडे पाहत ती लाट येताना आणि जाताना बघता येते. चहा एकदम तोडू नये, डोके दुखते. रोज एक कप कमी करावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, इतर व्यसनांसाठी १४४४६. येरवड्याला डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

येथून जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दर २५ डिसेंबरला आपण तिथे मोठ्या संख्येने जातो, आणि विहाराबाहेर पुड्यांचा सडा पडतो. संस्थेच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे, की यंदा आपल्या वस्तीतून जाणाऱ्या गाड्यांमध्ये बसण्यापूर्वीच पुड्या आणि डब्या गोळा कराव्यात. सुरुवात कार्यकारिणीच्या खिशांपासून व्हावी.

नमो बुद्धाय, जय भीम.