वायफाय कॉलेजचं, खासगीपण लेकीचं



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी हळूच विषय काढला. त्यांची लेक शहरात वसतिगृहात राहून शिकते. तिला अंगावरून पांढरं जात होतं. मोबाइलवर माहिती बघावी, तर मैत्रिणी म्हणाल्या, "वायफाय कॉलेजचं आहे, सरांना सगळं दिसतं." पोरीनं भीतीनं काहीच बघितलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. दोन महिने दुखणं अंगावर काढलं.

मग खरंच काय दिसतं? कॉलेज प्रत्येकीला वायफायसाठी आयडी आणि पासवर्ड देतं. त्यामुळं कुणी, किती वाजता, कोणती वेबसाइट उघडली, याची नोंद कॉलेजकडं राहू शकते. हे पोस्टाच्या पाकिटासारखं आहे. पोस्टमनला पत्ता दिसतो, आतली चिठ्ठी दिसत नाही. व्हॉट्सॲपचे निरोप आणि बहुतेक वेबसाइटवरचा मजकूर असाच बंद पाकिटात जातो. पण कॉलेजनं मोबाइलमध्ये एखादं ॲप किंवा 'सर्टिफिकेट' टाकायला लावलं, तर पाकीट उघडलं जाऊ शकतं. म्हणून ते टाकण्याआधी विचारायचं, हे कशासाठी? आणि 'इन्कॉग्निटो' केलं तरी कॉलेजकडची नोंद पुसत नाही. नाजूक गोष्ट बघायची तर वायफाय बंद करून आपल्या रिचार्जवर बघावी.

काही नोंद ठेवावी लागते, हे खरं. कुणी धमकीचा मेल पाठवला, कुणाची फसवणूक केली, तर शोधायचं कसं? पण चोर शोधणं वेगळं आणि पोरींवर डोळा ठेवणं वेगळं.

कायदाही आपल्या लेकींच्या बाजूनं आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2019 साली केरळात एका मुलीला वसतिगृहातून काढलं होतं. कारण काय, तर संध्याकाळी 6 ते 10 मोबाइल जमा करायचा नियम तिनं मानला नाही. ती कोर्टात गेली. तो खटला मोबाइलचा होता, वायफायच्या नोंदींचा नव्हता. पण केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला वसतिगृहात परत घ्यायला लावलं.

तेव्हा बायांनो, पालक सभेला जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. कसली नोंद ठेवता? किती दिवस ठेवता? ती कोण बघतं? तक्रार कुणाकडं करायची? एकटीला अवघड वाटलं, तर चौघी मिळून जा.

आणि आज रात्री लेकीला फोन लावा. "काय बघतेस?" असं विचारू नका. "काही दुखलं-खुपलं तर मला सांग, मी रागावणार नाही," एवढंच म्हणा. त्या ताईंनी तेच केलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी दवाखान्यात गेल्या.